कुत्र्यावर रोज एकदा हात फिरवा

प्रश्न थोडक्यात असा: नऊ आठवड्यांचं, मोठ्या जातीचं पिल्लू घरी आलंय. घरातलं हे पहिलंच कुत्रं. लस, जंताचं औषध, खाणं, अंघोळ, कॅल्शियम, सगळ्यांबद्दल जो तो वेगळं सांगतो. यातलं नक्की काय करायचं आणि काय सोडून दिलं तरी चालेल?

गेली वीस-बावीस वर्षं मी कुत्री-मांजरं तपासतोय. पेशंट टेबलावर चढवला की मालकाच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "डॉक्टर, कालपर्यंत मस्त होता हो, खात-पीत होता." अंगावर हात फिरवला की कळतं, दुखणं चांगलं तीन आठवड्यांचं जुनं आहे. मालक खोटं बोलत नसतो. कुत्र्याची जातच अशी की ते दुखणं अंगावर काढतं. दाताखाली पू झालेला असला तरी दुसऱ्या बाजूनं चावून ताटली चाटूनपुसून साफ करतं, आणि तुम्ही दार उघडलंत की लंगडत का होईना, शेपूट हलवत येतं. "खातोय ना, मग बरा आहे" या एका समजुतीनं जेवढे पेशंट उशिरा येतात तेवढे दुसऱ्या कशानं येत नसतील. म्हणून लशीच्या आधी एक सवय सांगतो.

रोज एकदा, पिल्लू खेळून दमून पडलं की, त्याच्यावर नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवा. लाड करताना फिरवतो तसा नको, जरा शोधक हात हवा. ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी हव्यात. अंगठ्यानं हिरडी दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. कान उलटा करून वास घ्या. हो, वासच; बिघडलेला कान दिसण्याआधी नाकाला कळतो. पायाच्या बोटांमधली जागा, काखा, जांघा, मानेवर पट्ट्याखालचा भाग आणि शेवटी शेपटीखाली. सगळं मिळून दोन मिनिटं. एकदा एका केसाळ कुत्र्याला "मानेवर जखम चिघळलीय" म्हणून आणलं होतं. केस कापले तर आत रबरबँड. लहान मुलानं खेळता खेळता घातलेला, कातडीत इतका रुतलेला की चिमट्यानं शोधावा लागला. घरात त्या कुत्र्याचे लाड रोज होत होते, पण पट्ट्याखाली बोट कुणीच घातलं नव्हतं.

याचा दुसरा फायदा पुढे कळतो. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे सवयीचं होतं ते जन्मभर चालतं. तोंडात बोट, पंजा धरणं, कानात बघणं, हे या वयात रोज झालं तर तेच कुत्रं चाळीस किलोचं झाल्यावर मला तोंडाला मुसकं न बांधता तपासता येतं.

दोन आकडे मात्र घरी माहीत असू द्या. पहिला तापमानाचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस, म्हणजे 101 ते 102.5 फॅरनहाइट. आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे "अंग गरम लागतंय" म्हणून घाबरू नका आणि नाक कोरडं आहे की ओलं यावरून तर काहीच ठरवू नका. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचं नाकही कोरडं असतं. डिजिटल थर्मामीटरला थोडं व्हॅसलीन लावून गुदद्वारातून घेतलेलं तापमानच खरं. दुसरा आकडा श्वासाचा. गाढ झोपेत छाती एकदा वर-खाली झाली की एक, असे मिनिटभर मोजा. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यात 30 च्या आत हवेत. पिल्लांचे थोडे जास्त असतात, आणि स्वप्नात पाय झाडत असेल तेव्हाचे धरू नका.

हा श्वासाचा आकडा किती कामाचा, ते एका आजोबांनी मला दाखवलं. त्यांच्या अकरा वर्षांच्या छोट्या कुत्र्याच्या हृदयाची झडप गळत होती. मी सांगितलं म्हणून ते रोज रात्री वहीत श्वास लिहायचे. 22, 24, 22, महिनोन् महिने तेच. एका सकाळी वही घेऊन आले: 31, 34, 38. कुत्रं बघाल तर आनंदात, खोकला नाही, दम नाही. एक्स-रे काढला तर फुफ्फुसात पाणी साठायला नुकती सुरुवात झाली होती. गोळ्या सुरू केल्या आणि कुत्रं त्याच दिवशी घरी गेलं. वही नसती तर चार दिवसांनी रात्री ऑक्सिजनसाठी धावाधाव झाली असती.

आता लस. "दोन डोस झाले, तिसरा कशाला?" हा प्रश्न मला रोज येतो. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला तयार प्रतिपिंडं मिळतात. ती रोगापासून वाचवतात, पण लशीलाही निकामी करतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं; कुणाची आठव्या आठवड्यात, कुणाची चौदाव्या. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस आणि पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी एकेक, असं करत शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडला पाहिजे. साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा डोस हा शेवटचा, आणि नेमका तोच लोक टाळतात. पार्व्होनं रक्ताचे जुलाब लागलेली जी पिल्लं माझ्याकडे सलाइनवर असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कार्डावर एक-दोन शिक्के असतात.

पार्व्हो हा 1978 मध्ये जगभर पसरलेला विषाणू. मातीत महिनोन् महिने, कधी वर्षभरही टिकतो. फिनाईलनं मरत नाही. घरात आधी पार्व्होचं पिल्लू होऊन गेलं असेल तर फरशी धुऊन, मग घरगुती ब्लीचचा 1 भाग 30 भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओली ठेवा. लशी पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांची शी-शू पडते तिथे पिल्लाला खाली सोडू नका. पण म्हणून कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन फिरवा, गाड्यांचे आवाज, छत्री, दाढीवाला माणूस, लहान मुलं, सगळं दाखवा. घाबरट कुत्रं ही कमी मोठी अडचण नव्हे.

डिस्टेंपर (हाही विषाणूचाच जीवघेणा रोग), पार्व्हो आणि विषाणूची कावीळ यांच्या एकत्र लशीचा बूस्टर वर्षानं (हल्ली सहा महिन्यांचं असतानाही देतात), पुढे साधारण तीन वर्षांनी. लेप्टोस्पायरा या जिवाणूवरची लस मात्र दरवर्षी, कारण तिचा परिणाम जेमतेम वर्षभर टिकतो. रेबीजची लस बारा आठवडे पूर्ण झाल्यावर, वर्षानं पुन्हा, आणि नंतर तुमच्याकडचा कायदा आणि लशीच्या बाटलीवरची मुदत सांगेल तशी. रेबीजमध्ये तडजोड नाही. लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळपास कुणालाच सोडत नाही, कुत्र्याला नाही आणि माणसालाही नाही. लस टोचल्यावर एखादा दिवस पिल्लू मलूल असेल तर राहू दे. पण तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या किंवा उलट्या सुरू झाल्या तर फोन न करता सरळ उलट पावली या.

जंतांचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, नंतर साधारण तीन महिन्यांनी. आई निरोगी होती म्हणून पिल्लात जंत नसतील असं समजू नका. गोल जंतांच्या अळ्या आईच्या शरीरात निपचित पडून असतात आणि गर्भातच पिल्लात उतरतात. डोस वजनावर ठरतो, आणि तुमच्या पिल्लाचं वजन दर आठवड्याला बदलतंय. घरात रांगणारं मूल असेल तर शी त्याच दिवशी उचला. ताज्या शीतल्या गोल जंताच्या अंड्यांपासून लागण होत नाही. ती पिकायला दोनेक आठवडे लागतात. त्याआधी उचललीत तर प्रश्नच मिटला.

गोचीड दिसला की लोक रॉकेल लावतात, काडी लावतात, बोटांनी चिरडतात. यातलं काहीच करू नका. चिमटा कातडीला अगदी टेकवून गोचिडाचं तोंड पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. अंगावरचे चार गोचीड म्हणजे दिसणारा भाग; त्याचं बरंचसं आयुष्य भिंतीच्या फटीत, बिछान्याखाली जातं आणि एक मादी हजारो अंडी घालते. म्हणून एकदा धुऊन काढलं की झालं, असं होत नाही. महिन्याची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध नियमित हवं, सोबत बिछाना गरम पाण्यात धुणं आणि फटी बुजवणं. गोचीडतापात रक्तातल्या प्लेटलेट पडतात. हिरड्या फिक्या, पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. दोन सावधगिऱ्या: कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळी निवडण्याआधी सांगा. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्यासाठीचं परमेथ्रिनवालं औषध घरात आणूच नका; मांजराचा जीव जातो. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन "स्वस्तात पडतं" म्हणून टोचून घेणारेही भेटतात. कोली ही मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची जात; ती आणि तिच्या नात्यातल्या जातींपैकी अनेकांत एक जनुकीय दोष असतो, त्यांच्या मेंदूपर्यंत ते औषध पोचतं. असं बेशुद्ध कुत्रं आठवडाभर सांभाळण्याची वेळ माझ्यावर आलीय.

तुमचं पिल्लू मोठ्या जातीचं आहे, म्हणून खाण्यावर जरा थांबतो. कृपा करून कॅल्शियमची बाटली आणू नका. "हाडं मजबूत व्हायला" म्हणून ती हमखास सुचवली जाते, कधी विकणारा देतो, कधी शेजारचे. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम बाहेर ठेवता येत नाही. दिलंत तेवढं शोषलं जातं. मोठ्या जातीत त्यानं सांध्याची कूर्चा बिघडते, पाय वाकतात. याच्या उलट, नुसतं मांस शिजवून घालणाऱ्यांच्या घरी कॅल्शियम इतकं कमी पडतं की उडी मारताना हाड मोडलेलं पिल्लू येतं. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांसाठी म्हणून बनवलेलं संपूर्ण खाद्य द्या, वरून काही घालू नका. घरचंच घालायचं असेल तर पशुआहार समजणाऱ्या डॉक्टरकडून वजनकाट्यावर मोजून द्यायची कृती लिहून घ्या. इंटरनेटवरची नको.

आणि पिल्लू गुबगुबीत दिसण्याचा हट्ट सोडा. लॅब्रॅडॉरवरचा एक अभ्यास मी प्रत्येकाला सांगतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. 48 पिल्लांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं, जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं आयुर्मान 13 वर्षं निघालं आणि दुसऱ्या गटाचं 11.2. सांधेही उशिरा धरले. जवळपास दोन वर्षं देणारं औषध माझ्या कपाटात नाही. बरगड्या कशा लागायला हव्यात ते तुमच्याच हातावर बघा: मूठ आवळून उंचवट्यांवरून बोट फिरवा, हे हडकुळं. तळहात दाबा, हे जाड. हात सरळ धरून पालथ्या बाजूवरून बोट फिरवा, पातळ कातडीखाली हाडं लागतात, हे बरोबर.

वजन वाढतं ते वाटीतून कमी आणि घरच्यांच्या हातून जास्त. प्रत्येक जण शपथेवर सांगतो, "मी एवढंसंच देतो." पाच जण एवढंसं देतात. उपाय साधा: दिवसभराचं खाद्य सकाळीच मोजून एका डब्यात काढा. शिकवताना द्यायचं असो की लाडानं, हात त्याच डब्यात. डबा संपला की दिवस संपला. वेगळा खाऊ दिलाच तर दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

काय देऊच नये, ते फ्रिजच्या दारावर लिहून लावा: चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा-लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) घातलेली शुगर-फ्री च्युइंगगम. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, ज्या या यादीत लोक धरतच नाहीत. लंगडतोय म्हणून प्रेमानं दिलेल्या आयब्युप्रोफेननं पोटात व्रण पडून रक्ताच्या उलट्या करणारं कुत्रं आणि त्याच्या शेजारी उभा असलेला मालक, दोघांकडे बघवत नाही. विषारी काही खाल्लं तर मीठ-पाणी पाजू नका, तेच जिवावर बेतू शकतं. वेष्टण घेऊन निघा; पहिल्या तासा-दोन तासांत आम्ही ते सुरक्षितपणे उलटीतून काढू शकतो.

दातांबद्दल माझीच फजिती सांगतो. माझ्या स्वतःच्या कुत्रीच्या डोळ्याखाली एकदा सूज आली. किडा चावला असेल म्हणून मी दोन दिवस गोळ्या दिल्या. सूज उतरली आणि आठवड्यात परत आली. तेव्हा कुठे तोंड नीट उघडून पाहिलं. वरची मोठी दाढ उभी चिरलेली, मुळाशी पू. त्या दाढेची मुळं डोळ्याच्या खालीच असतात, हे मी शिकाऊ डॉक्टरांना स्वतः शिकवतो! तिला मी चघळायला कडक हाड देत होतो. तेव्हापासून माझा नियम: ज्या वस्तूवर अंगठ्याचं नख उमटत नाही ती कुत्र्याच्या तोंडात नाही. दात रोज घासा, कुत्र्यांच्याच पेस्टनं. तुमच्या पिल्लाचे दुधाचे 28 दात साधारण सहा महिन्यांपर्यंत पडून 42 कायमचे येतील. दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याला चिकटून तसाच राहिला तर काढून घ्यावा लागतो.

अंघोळीचं लोक फार मनावर घेतात. मळलं की घाला, कुत्र्यांचा शांपू वापरा, नीट कोरडं करा, बस्स. कानात काडी घालू नका. कुत्र्याच्या कानाची नळी आत काटकोनात वळते, काडीनं मळ आणखी आत जातो. चालताना फरशीवर नखांचा टकटक आवाज आला की नखं कापायची वेळ झाली.

नसबंदीची घाई तुमच्या बाबतीत नको. मोठ्या जातीत हाडांची वाढ पूर्ण होऊ द्या, वर्ष-दीड वर्षानं डॉक्टरांशी बोला. मादी असेल आणि पिल्लं घ्यायची नसतील तर शस्त्रक्रिया विसरू नका. माजानंतर महिना-दोन महिन्यांत पाणी फार पितेय, मलूल आहे, शेपटीखाली ओल दिसतेय, असं झालं तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्यात एक रात्रही वाट बघायची नसते.

वाट न बघण्यासारखं आणखी थोडं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलं आणि ते ओकाऱ्या काढतंय पण बाहेर काहीच येत नाही, म्हणजे जठराला पीळ पडलाय. हातात फार थोडे तास असतात. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, नर कुंथतोय पण लघवी होत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर रात्री दोनलाही निघा. उन्हाचा झटका आला तर मात्र आधी जागेवरच अंगावर भरपूर पाणी ओता, पंखा लावा, आणि मग गाडीत घाला. लोक उलट करतात, आणि माझ्यापर्यंत पोचेपर्यंत तापमान 42 वर गेलेलं असतं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धाप लागूनही अंग थंड करता येत नाही. बंद गाडीत पाच मिनिटंही सोडू नका, काच खाली असली तरी.

पहिल्या भेटीला येताना पिल्लाला उपाशी आणू नका, पण भरपेटही नको. टेबलावर मी त्याला खाऊ देणार आहे, म्हणजे पुढच्या वेळी ते दारातूनच मागे ओढणार नाही. आधीच्या लशींचं कार्ड आणा, आत्ता जे खातंय त्या पाकिटाचा फोटो आणा. आणि झाकणाच्या डबीत त्याच सकाळची ताजी शी आणा. ती आणायला जवळपास सगळेच विसरतात.